डिस्क गोल्फ : साखळ्यांची टोपली आणि मैदान पारखण्याची रीत

गोल्फ म्हटले की पुणेकरांच्या डोळ्यांसमोर येरवड्याचे हिरवेगार मैदान येते. ते पूना क्लबच्या अखत्यारीतले असल्याने बहुतेकांनी ते विमानतळाच्या रस्त्याने जाता-जाता कुंपणाबाहेरूनच पाहिलेले असते. डिस्क गोल्फ हा त्याच खेळाचा गरीब, मोकळाढाकळा भाऊ म्हणावा लागेल. यात काठी नाही, चेंडू नाही, हिरवळ राखणारा माळी नाही आणि बहुतेक ठिकाणी प्रवेशशुल्कही नाही. हातात प्लास्टिकची एक तबकडी घ्यायची आणि झाडांमधून वाट काढत ती लोखंडी साखळ्यांच्या टोपलीत टाकायची. कमीत कमी फेकींत जो सर्व टोपल्या पुऱ्या करील तो विजयी.

आज जगात डिस्क गोल्फची पंधरा हजारांहून अधिक मैदाने आहेत. त्यातील निम्म्याहून जास्त अमेरिकेत असून त्याखालोखाल फिनलंडचा क्रमांक लागतो. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर आइसलंड, फिनलंड आणि एस्टोनिया हे छोटे देश अमेरिकेच्याही पुढे आहेत. विशेष म्हणजे ही मैदाने प्रामुख्याने सार्वजनिक उद्यानांत आहेत. त्यामुळे मैदान चांगले की वाईट, हा प्रश्न खेळाडूंपुरता राहत नाही. त्याच उद्यानात फिरायला येणारे आजोबा, बाबागाडी ढकलणारी आई आणि झाडावर घरटे बांधणारा पक्षी या सर्वांचा त्याच्याशी संबंध येतो.

डब्याच्या झाकणापासून सुरुवात

या खेळाचा जनक कोण, याविषयी एकच एक उत्तर देता येत नाही. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात ब्लॅडवर्थ नावाच्या गावी १९२६ मध्ये शाळकरी मुले पत्र्याच्या डब्यांची झाकणे ठरलेल्या वर्तुळांत फेकून खेळत असल्याची नोंद आहे. आपल्याकडच्या मुलांनी गोट्या गलीत टाकाव्यात, तसाच हा प्रकार. घरात जे हाताशी असेल ते घ्यायचे, जमिनीवर खूण करायची आणि नियम खेळता-खेळता ठरवायचे.

उडत्या तबकडीला बाजारात आणले ते वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन यांनी. त्यांची तबकडी ‘वॅम-ओ’ या खेळण्यांच्या कंपनीने १९५७ मध्ये विक्रीस काढली आणि तिला पुढे ‘फ्रिसबी’ हे नाव मिळाले. कनेटिकट राज्यातील ‘फ्रिस्बी पाय कंपनी’च्या पत्र्याच्या ताटल्या तेथील विद्यार्थी एकमेकांकडे भिरकावीत, त्यावरून हे नाव पडले. याच वॅम-ओ कंपनीत काम करणारे एड हेड्रिक यांनी तबकडीच्या पाठीवर बारीक वर्तुळाकार कंगोरे आणले. त्यामुळे तिचे उडणे स्थिर झाले आणि खेळण्याचे रूपांतर क्रीडासाहित्यात होऊ लागले.

हेड्रिक यांचे खरे योगदान मात्र पुढचे आहे. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसाडेनाजवळच्या ओक ग्रोव्ह उद्यानात डिस्क गोल्फचे पहिले कायमस्वरूपी मैदान उभे राहिले. सुरुवातीला तेथे लक्ष्य म्हणून जमिनीत रोवलेले साधे खांब होते. तबकडी खांबाला लागली की नाही, यावरून खेळाडूंत वाद होत. लगोरीत चेंडू पायाला लागला की नाही यावरून गल्लीत होणारे भांडण ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. हेड्रिक यांनी यावर उपाय शोधला तो साखळ्यांचा. खांबाभोवती वरून लोखंडी साखळ्या सोडायच्या आणि खाली टोपली बसवायची. तबकडी साखळ्यांवर आदळते, तिचा वेग मरतो आणि ती टोपलीत पडते. ‘खळ्ळ’ असा आवाज आला की वादाला जागाच उरत नाही. १९७६ मध्ये त्यांनी या खेळाची व्यावसायिक संघटनाही स्थापन केली. ‘पीडीजीए’ या नावाने ती ओळखली जाते आणि नियम, स्पर्धा व साहित्याची मानके आजही तीच ठरवते. हेड्रिक यांचे २००२ मध्ये निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून तिच्या तबकड्या घडविण्यात आल्या. खेळावर जीव असणे म्हणजे काय, याचे याहून टोकाचे उदाहरण सापडणे कठीण.

खेळ कसा चालतो?

मैदानात ९ किंवा १८ ‘होल’ असतात. जमिनीत खड्डा कोठेच नसला तरी गोल्फची भाषा कायम राहिली आहे. प्रत्येक होलची सुरुवात एका पक्क्या चौथऱ्यावरून होते आणि शेवट टोपलीत. टोपलीची कड जमिनीपासून सुमारे ८२ सेंटीमीटर उंच असते, म्हणजे साधारण माणसाच्या कमरेच्या थोडी खाली. चौथरा आणि टोपली यांतील अंतर नवशिक्यांच्या मैदानात ५० ते ९० मीटर, तर मुरलेल्यांसाठी १५० मीटर आणि त्याहूनही पुढे असू शकते. पहिली तबकडी जेथे थांबेल तेथून दुसरी फेक करायची. टोपलीपासून जो सर्वांत लांब, त्याचा क्रम आधी. शेवटच्या १० मीटरांत आल्यावर फेकल्यानंतर तोल सावरेपर्यंत पाऊल पुढे टाकायचे नाही, हा महत्त्वाचा नियम. टोपलीच्या माथ्यावर जाऊन बसलेली तबकडी धरली जात नाही, मग ती कितीही अचूक मारलेली असो. आखलेल्या हद्दीबाहेर किंवा पाण्यात गेली तर एका फेकीचा दंड होतो. हरवलेली तबकडी शोधायला ३ मिनिटे मिळतात. त्यानंतर दंड घेऊन पुढे सरकावे लागते.

तबकड्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. लांब पल्ल्याची ‘ड्रायव्हर’ धारदार कडेची असते, मधल्या पल्ल्याची थोडी बोथट आणि टोपलीत टाकण्याची ‘पटर’ जाड, गोल कडेची. वजन साधारण १५० ते १७५ ग्रॅमच्या दरम्यान असते. समुद्रकिनारी खेळायच्या फ्रिसबीपेक्षा ही तबकडी आकाराने लहान, पण घट्ट आणि कठीण असते. हा फरक मनोरंजनाचा नसून सुरक्षिततेचा आहे. बरा हौशी खेळाडू ती ८०-९० मीटर सहज फेकतो. अंतराचा जागतिक विक्रम ३३८ मीटरचा असून तो अमेरिकेच्या डेव्हिड विगिन्स (ज्युनिअर) याने २०१६ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात वाऱ्याच्या साह्याने नोंदविला. हे अंतर तीन फुटबॉल मैदानांहून अधिक भरते.

उजव्या हाताने, पाठ वळवून सोडलेली तबकडी वेग कमी होताच डावीकडे झुकते. समोरून वारा असेल तर ती आधी उजवीकडे पलटी खाऊ पाहते आणि मागून वारा असेल तर लवकर खाली बसते. मैदानाची रचना समजून घ्यायची तर एवढे वायुविज्ञान पुरेसे आहे.

मैदान पारखायचे कसे?

अनुभवी खेळाडू नव्या मैदानावर गेला की प्रथम तबकडी बाहेर काढत नाही. तो हात मोकळे ठेवून एक फेरी चालतो. पहिल्या होलकडे जाणारी पाटी सापडते का, दुसरा चौथरा पहिल्या टोपलीपासून किती लांब आहे, वाटेत कोणाच्या फेकीसमोरून जावे लागते का, हे चालतानाच कळते. अनेक मैदाने खेळायला उत्तम असूनही परक्या माणसाला अर्धा वेळ पुढचा चौथरा शोधण्यातच घालवायला लावतात. स्थानिकांना ते जाणवत नाही, कारण त्यांना रस्ता पाठ असतो. म्हणूनच स्थानिकांनी दिलेले गुण नेहमी थोडे उदार असतात, असे समजून चालावे. पुण्याच्या पेठेतला पत्ता पुणेकराने सांगावा आणि नवख्याने शोधावा, तसाच हा मामला.

त्यानंतर पाहायचा तो चौथरा. खेळाडू तीन-चार पावलांची धाव घेऊन, टाचेवर गिरकी मारून तबकडी सोडतो. चौथऱ्याची पुढची कड तुटलेली असेल, त्यावर माती साचली असेल किंवा काँक्रीट गुळगुळीत झाले असेल, तर पावसात गुडघा दुखावलाच म्हणून समजा. चौथरा पुरेसा लांब आहे का, त्यावर खरखरीतपणा आहे का आणि त्याच्या पुढे जमीन एकदम खाली जाते का, या तीन गोष्टींवर एखाद्या मैदानाबद्दल निम्मे मत बनवता येते. टोपलीच्या बाबतीत साखळ्या पुरेशा आहेत का ते पाहावे. एकेरी, विरळ साखळ्यांतून नीट मारलेली तबकडीही आरपार निघून जाते आणि खेळणाऱ्याचा दिवस बिघडतो.

खरी कसोटी आहे ती विविधतेची. अठरापैकी पंधरा होल सरळ आणि सारख्याच अंतराचे असतील, तर ते मैदान मोठ्या बाहूंच्या खेळाडूचे झाले. चांगल्या मैदानात डावीकडे वळणारे, उजवीकडे वळणारे, झाडांच्या फटीतून जाणारे आणि पूर्ण मोकळे असे सर्व प्रकारचे होल असतात. उतार हा तर या खेळाचा प्राण. कॅलिफोर्नियातील सांताक्रूझच्या डेलाव्हिएगा उद्यानातील मैदान १९८४ पासून खेळले जाते. त्याचा २७वा होल टेकडीच्या माथ्यावरून खाली फेकण्याचा आहे आणि ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ या नावाने जगभरच्या खेळाडूंत प्रसिद्ध आहे. सिलिकॉन व्हॅलीत नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी मंडळींना हे ठिकाण तासाभराच्या अंतरावर आहे. तबकडी हातातून सुटल्यावर ती दरीवर तरंगत राहते ते काही क्षण, यासाठी लोक तेथे लांबून येतात. पण याच उताराने एक फेक चुकली की तबकडी गडगडत कोठल्या कोठे जाते. उत्तम उताराचा होल धाडसाला बक्षीस देतो आणि बेफिकिरीला शिक्षा. केवळ शिक्षाच देत असेल तर तो वाईट आखलेला होल समजावा.

गुण देताना एक चूक सर्रास होते. आपण चांगले खेळलो तर मैदान चांगले आणि तीन तबकड्या तळ्यात गेल्या तर मैदान वाईट! म्हणून किमान दोन वेळा, शक्यतो एकदा सुट्टीच्या आणि एकदा कामाच्या दिवशी खेळूनच मत बनवावे. अवघडपणा मोजण्याची तटस्थ पद्धतही आहे. संघटनेच्या गुणांकनात १००० गुणांचा खेळाडू हा मानदंड धरला जातो आणि त्या दर्जाच्या खेळाडूला एखाद्या मैदानाला सरासरी किती फेकी लागतील, त्यावरून मैदानाची काठिण्यपातळी ठरते. अवघड मैदान म्हणजे चांगले मैदान नव्हे, हे मात्र तो आकडा सांगत नाही. सार्वजनिक उद्यानातले मैदान बारा वर्षांच्या मुलीला आणि साठीच्या गृहस्थाला दुसऱ्यांदा यावेसे वाटेल असे हवे.

पाणी, स्वच्छतागृह, सावली आणि बसायला एखादा बाक या गोष्टी शेवटी पाहिल्या जातात. खरे तर त्या आधी पाहायला हव्यात. एका फेरीला दीड-दोन तास लागतात.

सर्वांत मोठा निकष : दुसऱ्यांची सुरक्षा

वरील सर्व निकषांत मैदान पैकीच्या पैकी गुण मिळवू शकते आणि तरीही ते बंद करण्याच्या लायकीचे असू शकते. कारण १७५ ग्रॅमची कठीण कडेची तबकडी ताशी ८०-९० किलोमीटर वेगाने सुटते आणि क्रिकेटच्या चेंडूसारखी सरळ न जाता वळण घेत जाते. चालणाऱ्याला ती येताना दिसत नाही, ऐकूही येत नाही. त्यामुळे आखणी करणाऱ्याने फेकीच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडणे, पायवाट होलच्या आडवी न येऊ देणे आणि एक टोपली दुसऱ्या चौथऱ्याच्या माऱ्यात न ठेवणे अपेक्षित असते. अठरा होलसाठी ढोबळमानाने दर होलला एक एकर जागा धरली जाते. नेहमीच्या गोल्फला शंभर-सव्वाशे एकर लागतात, हे लक्षात घेता ही जागा थोडी वाटते. मात्र ती खरोखर मोकळी असावी लागते.

दुसरा मुद्दा झाडांचा. फेकी लागून-लागून खोडांची साल सोलते. टोपल्यांभोवती आणि चौथऱ्यांपुढे हजारो पावलांनी माती दबते, गवत मरते आणि उतारावर पावसाचे पाणी मातीला घेऊन जाते. अमेरिकेतील मैदानांच्या पाहण्यांत हे दिसून आले आहे. उपाय आहेत. झाडांच्या बुंध्यांना आवरण घालणे, चौथऱ्यांपुढे लाकडाचा भुसा पसरणे आणि टोपल्यांच्या जागा ठरावीक महिन्यांनी बदलून जुन्या जागेला विसावा देणे. एखाद्या मैदानात प्रत्येक टोपलीसाठी दोन-तीन पर्यायी जागा केलेल्या दिसल्या, तर ते सांभाळणारे लोक जाणते आहेत असे खुशाल समजावे.

पुण्याच्या मापाने

पुण्याला नव्या खेळाचे वावडे नाही. १८७०च्या दशकात येथील ब्रिटिश अधिकाऱ्यांत रुजलेल्या बॅडमिंटनला काही काळ ‘पूना’ याच नावाने ओळखले जात होते. डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर धावणाऱ्या खेळाडूंना पाहून दोराबजी टाटांनी १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारतीय पथक पाठविण्याचा खटाटोप केला. तेव्हा डिस्क गोल्फची टोपली पुण्यात कोठे शोभेल, हा प्रश्न अगदीच हवेतला नाही.

पटकन डोळ्यांसमोर येतात त्या टेकड्या. चढ-उतार, झाडे, वारा आणि पहाटेचे दृश्य, खेळाडूला हवे ते सारे वेताळ टेकडीवर, तळजाईवर, हनुमान टेकडीवर आहे. पण वर सांगितलेले निकष लावले की टेकड्या नापास होतात. पहाटे साडेपाच ते आठ या वेळेत तेथे फिरणाऱ्यांची रीघ असते आणि नेमकी तीच वेळ खेळायला योग्य. पायवाटा एकमेकींना छेदत जातात. बसाल्ट खडकावरचा मातीचा थर पातळ आहे आणि तो एकदा निघाला की पुन्हा धरायला वर्षे लागतात. माळरानाच्या गवतात जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत, मोर आहेत. हिवाळ्यानंतर वाळलेल्या गवताला वणवे लागतात ते वेगळेच.

शिवाय टेकड्यांबाबत पुणेकरांनी पुरेसे सोसले आहे. समाविष्ट गावांतील जवळपास हजार हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण कायम व्हायला २०१५ साल उजाडावे लागले. बालभारती ते पौड फाटा या नियोजित रस्त्याच्या विरोधात एप्रिल २०२३ मध्ये नागरिक वेताळ टेकडी वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरले. अशा वेळी खेळ कितीही साधा असला, तरी टेकडीवर काँक्रीटचे अठरा चौथरे बांधू देणे म्हणजे पुढच्या बांधकामाला वाट करून देणे होय. ‘खेळाचेच तर आहे’ या वाक्याने सुरू झालेली बांधकामे कोठे थांबतात, याचा अनुभव या शहराला आहे.

महापालिकेच्या उद्यानांची अडचण उलटी आहे. त्यांची संख्या दोनशेच्या आसपास असली तरी बहुतेकांचा जीव लहान. त्यातही हिरवळीवर पाऊल ठेवू नये, चेंडू खेळू नये, झोपू नये अशा पाट्यांची परंपरा जुनी. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान जपानी पद्धतीने आखलेले आहे. तेथे तबकडी फेकण्याची कल्पनाही कोणी करू नये. सारसबागेत रविवारी सायंकाळी उभे राहायला जागा मिळाली तरी खूप.

उरतात ती मोठी आवारे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परिसर ४११ एकरांचा आहे. जुनी झाडे, अंतर्गत रस्ते, वापरात नसलेले कोपरे आणि तरुण मुले हे सर्व तेथे एकत्र मिळते. बालेवाडीचे क्रीडासंकुल १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारले गेले. तेथील मोकळ्या जागा मुळातच खेळासाठी आहेत. झाडे कमी असल्याने बालेवाडीत खेळ सपाट होईल, पण नवशिक्याला तेच बरे. अशा ठिकाणी प्रथम नऊ होलचे, उचलून नेता येणाऱ्या टोपल्यांचे तात्पुरते मैदान करून पाहणे सर्वांत शहाणपणाचे ठरेल. काँक्रीट नको, खोदकाम नको. दोन-तीन महिन्यांत कोठे लोक आडवे येतात, कोठे गवत मरते आणि कोठे मुले पुन्हा-पुन्हा येतात, हे कागदावरच्या कुठल्याही आराखड्यापेक्षा स्पष्ट दिसते.

ऋतूंचा विचारही करावा लागेल. जुलैमधील झोडपणाऱ्या वाऱ्यात हलकी तबकडी हाताबाहेर जाते आणि ओल्या प्लास्टिकवर बोटे घसरतात. खेळाडू अशा वेळी कमरेला टॉवेल अडकवून फिरतात. एप्रिल-मे मध्ये सकाळी नऊनंतर ऊन सोसत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ पुण्यात सर्वांत अनुकूल. पावसाळ्यानंतर लगेच मात्र गवत गुडघ्याएवढे असते आणि त्यात हिरवी तबकडी पडली की तीन मिनिटांत सापडत नाही. नवशिक्याने पहिली तबकडी घ्यावी ती मधल्या पल्ल्याची, १६० ग्रॅमच्या आसपासची आणि भडक केशरी किंवा गुलाबी रंगाची. तिच्या पोटावर न पुसणाऱ्या शाईने नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवण्याची पद्धत जगभर आहे. सापडलेली तबकडी त्या क्रमांकावर कळवून परत करणे हा या खेळाचा अलिखित नियम मानला जातो.